दार सर्वांसाठी उघडं

एखाद्या देवस्थानाचं औदार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या, अन्नछत्र, फार तर रुग्णवाहिका. या सगळ्याबद्दल मला आदर आहे. पण आज ज्या चर्चच्या मंडळीबद्दल लिहायचंय, तिने दिलेलं दान कुठल्या पाटीवर कोरता येणार नाही. तिने आपली जागा दिली, आणि ती घेणाऱ्यांतले कितीतरी जण देवही मानत नव्हते.

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातलं सेंट निकोलाय चर्च. सुरुवात साधारण 1165 ची. 1539 मध्ये शहराने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा मार्ग धरला आणि हे चर्च ल्यूथरन झालं. थोर संगीतकार बाख 1723 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1750 पर्यंत, या शहरातल्या चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. येशूच्या यातना आणि मृत्यूवरचं त्याचं 'सेंट जॉन पॅशन' पहिल्यांदा गायलं गेलं ते इथेच, 1724 च्या गुड फ्रायडेला. आतले खांब तर बघत राहावेत असे: वर छताला टेकताना त्यांना ताडासारखी हिरवी पानं फुटलेली. एवढ्यावरही हे चर्च इतिहासात राहिलं असतं. पण मला ते जवळचं वाटतं ते 1982 नंतरच्या सोमवारांमुळे.

लाइपझिग तेव्हा पूर्व जर्मनीत होतं आणि तिथे कम्युनिस्ट राजवट होती. शीतयुद्ध चालू, अमेरिका आणि सोव्हिएत युनियन दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रं रोखलेली. सप्टेंबर 1982 पासून इथे दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना सुरू झाली. कधी कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं यायची, तरी ती बंद पडू दिली नाही. 1980 पासून इथे पाळक होते क्रिस्टियान फ्यूरर. दारावरची पाटी सांगायची: 'निकोलाय चर्च, सर्वांसाठी खुलं'.

पाटी लावणं सोपं असतं, पाळणं महाग पडतं. देश सोडायचा अर्ज केला की त्या राजवटीत नोकरी जायची, शेजारीपाजारी टाळायला लागायचे. अशा लोकांना उघडपणे बोलायला दुसरी जागाच नव्हती. फेब्रुवारी 1988 मध्ये फ्यूररनी खास त्यांच्यासाठी एक संध्याकाळ ठेवली आणि मग सोमवारी बाकं भरायला लागली. पर्यावरणवाले, मानवी हक्कवाले, सक्तीच्या लष्करी सेवेला नकार देणारे, सगळे आले. सगळंच गुण्यागोविंदाने झालं असं नाही. ऑगस्ट 1988 मध्ये चर्चचे वरिष्ठ अधिकारी, सुपरिंटेंडंट मागिरियस यांनी या गटांच्या हातून प्रार्थनेची आखणी काढून घेतली. तरुण चिडले, भांडण जाहीर झालं. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा आत घेतलं गेलं. मला हे भांडण लपवावंसं वाटत नाही. सरकारचा दबाव होता, प्रार्थना बंद करा नाहीतर शहराबाहेर न्या म्हणून. मे 1989 पासून तर सोमवारी पोलीस चर्चकडे येणारे रस्तेच अडवायला लागले. इतक्या दडपणाखाली माणसं घाबरतात, एकमेकांवर उखडतात. तरीही दार बंद झालं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

मग आला 9 ऑक्टोबर 1989. दोनच दिवसांपूर्वी चर्चभोवती लोकांना मारहाण झाली होती, धरपकड झाली होती. गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन हे थांबवू, अशी धमकी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली होती. त्या सोमवारी सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने आपलीच माणसं चर्चमध्ये धाडली. दुपारी दोनलाच सुमारे सहाशे जण बाकं अडवून बसले, म्हणजे बाकीच्यांना जागा उरू नये. फ्यूररनी काय करावं? त्यांचं स्वागत केलं. फक्त वरचे सज्जे बंद ठेवले होते, कामावरून सुटून उशिरा येणाऱ्या कामगारांना बसायला मिळावं म्हणून! मला हा बारकावा फार आवडतो. हाकलायला आलेल्यालाही बसू द्यायचं आणि दमून येणाऱ्याचीही सोय बघायची. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' हे इथे प्रत्यक्ष बसायच्या जागेपर्यंत पोचलं होतं.

त्या दिवशी शहरातल्या आणखी तीन चर्चमध्येही प्रार्थना झाली. संगीतकार कुर्ट माझूर आणि आणखी पाच जणांनी (त्यांत तिघे पक्षाचेच सचिव होते) शांततेचं आवाहन केलं, ते चर्चमध्ये वाचलं गेलं आणि शहरातल्या लाउडस्पीकरवरूनही ऐकवलं गेलं. प्रार्थना संपून लोक बाहेर पडले तर चौक माणसांनी फुलून गेलेला, हातात मेणबत्त्या. फ्यूरर पुढे सांगायचे की मेणबत्ती धरायला दोन्ही हात लागतात, एका हातात ती धरायची आणि दुसऱ्याने ज्योत सांभाळायची, मग दगड उचलणार कुठल्या हाताने? 'हिंसा नको' म्हणत सुमारे 70,000 माणसं रिंगरोडवरून चालली. हजारो सशस्त्र जवान तैनात होते, पण गोळी सुटली नाही. बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत पडली.

भिंत एका चर्चने पाडली असं मी म्हणत नाही. सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह होते, पश्चिमेकडे जायला हंगेरीची सीमा खुली झाली होती, रस्त्यावर उतरलेल्या लाखोंची हिंमत होती. पण त्या हिंमतीला जमायला छप्पर लागतं, आणि ते देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. राजवट गेली, पण गर्दी काही चर्चची सभासद झाली नाही. लाइपझिगमधले बहुसंख्य लोक आजही कुठल्याच चर्चचे नाहीत. आम्ही आसरा दिला, आता आमचे व्हा, असा हिशोब इथे कुणी मांडला नाही. उलट दोन्ही जर्मनींच्या एकीकरणानंतर कारखाने बंद पडले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा फ्यूररनी याच चर्चच्या आधाराने बेरोजगारांसाठी काम उभं केलं. 2006 मध्ये लाइपझिगच्या दोन इंजिनीअरांचं इराकमध्ये अपहरण झालं, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी शहर जमलं तेही इथेच. फ्यूरर 2008 मध्ये निवृत्त झाले, 2014 मध्ये गेले. सोमवारी पाचची प्रार्थना चालूच आहे. यायला सभासद असावं लागत नाही.