प्रसाद घेतला नाही, पण तुमचा एक मुद्दा बरोबर आहे

नमस्कार,

शेजाऱ्यांबरोबर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये घालवलेल्या रविवारवर मी लिहिलं, त्यावरची आपली प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडले. म्हणून उत्तर चार दिवस उशिरा. इतर वाचकांसाठी तिचा सारांश: मी गोड बोलण्याला भुलले, ‘चार-चार बायका करणाऱ्यांच्या’ प्रार्थनेला जाऊन बसले, प्रसादही खाल्ला असेलच, हा धर्मांतराचा सापळा आहे, आणि पुण्यातल्या बुवाबाजीवर तुटून पडणारी मी अमेरिकेतल्या युटात गेल्यावर लोण्यासारखी मऊ झाले.

बायकांचं आधी उरकते. बहुपत्नीत्व हे या चर्चने १८५२मध्ये उघडपणे जाहीर केलं आणि १८९०मध्ये ते थांबवत असल्याचं जाहीर केलं; युटाला राज्याचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, १८९६मध्ये. आज कोणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढतात. ती प्रथा चालवणारे फुटीर गट आहेत, पण माझ्या शेजाऱ्यांचा त्यांच्याशी संबंध नाही. संस्थापक जोसेफ स्मिथची अनेक लग्नं झाली होती हे मात्र खरं, आणि चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावर २०१४मध्ये तसं सविस्तर लिहिलंही. खरं सांगू? टीकाच करायची तर याहून ताजा दारूगोळा उपलब्ध होता. २०२३मध्ये अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून पन्नास लाख डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी आपली शेअर्समधली गुंतवणूक वेगवेगळ्या कागदी कंपन्यांच्या नावांमागे लपवली होती. सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात, त्या पार्श्वभूमीवर हे वाचा. माझ्या लेखात हेही नव्हतं. त्यावर पुढे येते.

आता सापळा. ते धर्मप्रसार करतात आणि तो लपवत नाहीत. त्या रविवारनंतर पांढऱ्या शर्टातली दोन पोरं दारात आली. छातीवर नावाच्या पट्टीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारे. वय एकोणीस! मी सवयीने चहाचं आधण ठेवायला निघाले, तर चहा चालत नाही. कॉफीही नाही. दारात आलेल्याला चहा विचारायचा नाही तर बोलणं सुरू कुठून करायचं, हे मला माझ्या आईने शिकवलं नव्हतं. शेवटी ताक दिलं. त्यांनी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा धर्मग्रंथ वाचाल का विचारलं, मी नाही म्हटलं. पुढे दोनदा आली, नंतर यायची थांबली. इथून तासाभरावर स्पॅनिश फोर्कला राधाकृष्णाचं मंदिर आहे; तिथल्या होळीला मॉर्मन विद्यार्थी झुंडीने येतात, रंगात न्हाऊन निघतात, ‘हरे कृष्ण’ म्हणून नाचतात आणि सोमवारी वर्गात बसतात. त्यांच्या आयांना कोणी सापळ्याबद्दल लिहितं की नाही, देव जाणे.

आणि प्रसाद. तो पाव असतो, दुकानातला साधा, तुकडे केलेला. आणि वाइनऐवजी पाणी, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात. तबक रांगेतून हातोहात फिरतं. मी ते माझ्या उजवीकडून घेतलं आणि डावीकडे दिलं, बस्स. कोणी वळून पाहिलं नाही. फक्त शेजाऱ्यांच्या धाकटीने ‘तुला भूक नाही?’ असं कुजबुजून विचारलं. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे त्यांचा उपास, दोन जेवणं सोडून वाचलेले पैसे गरिबांना द्यायचे. आपल्या साबुदाण्याने तुडुंब एकादशीसारखा नाही, पाणीसुद्धा नाही. तेव्हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

उरला तुमचा शेवटचा मुद्दा. तो लागला, कारण तो खरा आहे.

मी लेखात काय लिहिलं? चर्चवर क्रूस नसतो. वॉर्ड, म्हणजे रविवारी कुठल्या मंडळीत जायचं ते, पत्त्यावरून ठरतो, रेशन दुकानासारखा, आवडीचा निवडता येत नाही. वसईकडे पाहिलेले पायघोळ झग्यातले बिशप डोळ्यांपुढे ठेवून गेले, तर इथला बिशप टाय लावलेला, आठवडाभर विम्याची नोकरी करणारा, बिनपगारी. सगळं खरं, सगळं गोड.

काय नाही लिहिलं ते आता लिहिते. त्या पहिल्या रविवारी ठरलेली भाषणं नसतात. ज्याला वाटेल तो उठून आपला विश्वास सांगतो. एक बाई आजारपणाबद्दल बोलल्या, ते मनापासून होतं. मग पाचेक वर्षांचा एक मुलगा पुढे गेला. आईने त्याच्या कानात सांगायचं आणि त्याने माइकमध्ये म्हणायचं: मला ठाऊक आहे, हे चर्च खरं आहे. मला अवघडल्यासारखं झालं. मीही त्या वयात पाहुण्यांपुढे रामरक्षा घडाघडा म्हणून दाखवायचे, अर्थ मलाही कळत नव्हता. पण ‘मला ठाऊक आहे’ असं माझ्याकडून कोणी वदवून घेतलं नव्हतं. हा फरक मला तेव्हाच जाणवला आणि मी तो गाळला, कारण तो मुलगा समोरच्या घरात राहतो.

दुसरं. तबकं फिरवणारे सगळे मुलगे होते, बारा-तेरा वर्षांचे. पौरोहित्य फक्त पुरुषांना, मुलांना साधारण बाराव्या वर्षापासून. शेजाऱ्यांचा मुलगा ऐटीत तबक घेऊन आला आणि त्याची चौदा वर्षांची बहीण माझ्याशेजारी बसून राहिली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला माझ्या भावाची मुंज आठवली. मी करवली होते, नवं परकर-पोलकं होतं, खूश होते. ‘माझी कधी?’ हा प्रश्न सुचायला मला वीस वर्षं लागली. मुंजीवर मी या ब्लॉगवर किती जळजळीत लिहिलंय ते तुम्ही वाचलेलं दिसतंच. कृष्णवर्णीय पुरुषांनाही हे पौरोहित्य १९७८पर्यंत मिळत नव्हतं. तेही मला माहीत होतं, तेही मी लिहिलं नाही.

का नाही? भुलले म्हणून नव्हे. घरच्या देव्हाऱ्यावर बोलायला मला कोणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यासमोर बसवून घेतल्यावर, बर्फ पडला की न सांगता माझ्या दारातला बर्फ काढणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना, हात आखडला. याला तुम्ही दुटप्पीपणा म्हणता; मी भीड म्हणेन. वाचकाला दोन्हींत अर्धंच चित्र मिळतं, हे मान्य. मूळ लेखाखाली या उत्तराचा दुवा देते आहे.

परत जाणार का, असंही विचारलंत. हो, पुढच्या महिन्यात. शेजाऱ्यांचा मोठा मुलगा दोन वर्षांसाठी मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, फिलिपिन्सला निघालाय; कुठे जायचं हे त्याने निवडलेलं नाही, पत्र आलं तेव्हा कळलं. निघण्याआधी तो भाषण करणार आहे, आणि मग त्यांच्या घरी जेवण. मला काहीतरी घेऊन यायला सांगितलंय, ‘पण तिखट नको’. बटाट्याची भाजी मिरचीशिवाय कशी करायची, ते सुचवणार असाल तर जरूर लिहा.