साठ डॉलरचा पॉइंटर आणि ‘आंधळी’ गाडी: त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

ड्रायव्हरलेस गाड्यांचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत. त्यात म्हटलेलं असतं की या गाड्या ज्या लायडारवर (लेझरचा प्रकाश सोडून, तो परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा सेन्सर) चालतात तो साठ डॉलरच्या लेझर पॉइंटरने कुणीही बंद पाडू शकतो, दोन लायडारवाल्या गाड्या समोरासमोर आल्या की एकमेकींना आंधळं करतात, लायडार कॅमेरा जाळतो म्हणजे दुसरा लायडारही जाळणारच, यावर काही उपाय नाही, आणि म्हणून फक्त कॅमेऱ्यावर चालणारी गाडीच सेफ. मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी की यात एक खरा आणि गंभीर प्रश्न आहे, पण चुकीच्या गोष्टीला घाबरवल्यामुळे त्या प्रश्नाकडे कुणाचं लक्षच जात नाही. म्हणून एकेक वाक्य घेतो.

“साठ डॉलरच्या लेझर पॉइंटरने कुणीही लायडार बंद पाडू शकतो.”

साठ डॉलरचा आकडा हवेतून आलेला नाही, तो २०१५ चा आहे. जोनाथन पेटिट या सिक्युरिटी रिसर्चरने इबेओ कंपनीच्या लक्स नावाच्या लायडारचे पल्स, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, रेकॉर्ड केले, आणि कमी पॉवरचा लेझर आणि पल्स जनरेटर वापरून तेच पल्स बरोबर वेळ साधून त्या लायडारकडे परत सोडले, तर समोर काहीही नसताना लायडारला तिथे वस्तू दिसायला लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ब्लॅक हॅट युरोप या सिक्युरिटी कॉन्फरन्समध्ये त्याने ते मांडलं. खर्च कमी होता हे खरंच आहे, पण यात पॉइंटर कुठे आहे? पल्स रेकॉर्ड करणं, टायमिंग जुळवणं, हे सगळं मेसेजमधून गळून गेलं आणि उरला फक्त स्वस्तातला लेझर. आणि त्या प्रयोगातून शिकायची गोष्ट खर्च नव्हतीच. शिकायची गोष्ट ही होती की त्या लायडारच्या पल्सवर कसलीच खूण नव्हती, त्यामुळे आपला पल्स कुठला आणि परका कुठला हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

आता पॉइंटरचं बघू. बाजारात मिळणाऱ्या लाल पॉइंटरची वेव्हलेंग्थ (प्रकाशलहरीची लांबी) ६५० नॅनोमीटरच्या आसपास असते, हिरव्याची ५३२. गाड्यांवरचे बहुतेक लायडार ९०५ किंवा १५५० नॅनोमीटरवर चालतात, दोन्ही डोळ्याला न दिसणारे, आणि त्यांच्या रिसीव्हरच्या पुढे एक ऑप्टिकल फिल्टर असतो जो आपल्या वेव्हलेंग्थच्या आजूबाजूचा अरुंद पट्टाच आत सोडतो. हा फिल्टर कुणा हल्लेखोरासाठी बसवलेला नाही, तो उन्हासाठी आहे, भर दुपारी रस्त्यावर काम करायचं तर तो लागतोच. पॉइंटरचा लाल-हिरवा प्रकाश बहुतांश तिथेच अडतो.

योग्य वेव्हलेंग्थचा लेझर आणला तरी पुढचं काम सोपं होत नाही. वेलोडाइन कंपनीचा व्हीएलपी-१६ लायडार घ्या, संशोधनात खूप वापरला गेलेला, गोल फिरणारा, १६ चॅनेलवाला. सेकंदाला १० फेऱ्या मारत असेल तर ०.२ अंश सरकायला त्याला साधारण ५५ मायक्रोसेकंद लागतात. एका फेरीत तो तुमच्या दिशेला बघतो तो एवढाच वेळ, मग तोंड फिरवून पुढे. प्रकाश एका नॅनोसेकंदात जाऊन-येऊन १५ सेंटिमीटरचं अंतर दाखवतो, म्हणजे खोटी वस्तू एका मीटरच्या आत हव्या त्या जागी उभी करायची तर टायमिंग सहा-सात नॅनोसेकंदांच्या आत बसायला हवं. आणि हे सगळं धावत्या गाडीवरच्या काही सेंटिमीटरच्या काचेवर नेम धरून. हातातल्या पॉइंटरने हे होत नाही.

ही समजूत आली कुठून, तर मला वाटतं पोलिसांच्या स्पीड गनवरून. लेझर स्पीड गनला चकवणारे जॅमर परदेशात बरीच वर्षं विकले जातायत. पण ती गन एकाच गाडीवर एकच बीम धरते आणि एकच आकडा काढते, तिला क्षणभर गोंधळवलं की काम झालं. एक्स्प्रेसवेवरच्या इंटरसेप्टरमधली गन आणि रोबोटॅक्सीच्या छतावरचा लायडार, दोन्ही लेझरने अंतर मोजतात, पण साम्य तिथेच संपतं.

“दोन लायडारवाल्या गाड्या समोरासमोर आल्या की एकमेकींना आंधळं करतात.”

सॅन फ्रान्सिस्कोत वेमो या रोबोटॅक्सी कंपनीच्या शेकडो ड्रायव्हरलेस गाड्या रोज फिरतायत, आणि त्या जॅग्वार आय-पेसवर प्रत्येकी ५ लायडार आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका पार्किंग लॉटची बातमी जगभर गेली होती, कारण मोकळ्या झालेल्या वेमो तिथे येऊन थांबायच्या आणि पहाटे चारला एकमेकींना हॉर्न मारायच्या, आजूबाजूच्या लोकांची झोप उडायची. हॉर्न कशासाठी? तर दुसरी गाडी रिव्हर्समध्ये फार जवळ येतेय असं दिसलं की वाजवायचं, असं फीचर होतं. म्हणजे एवढ्याशा जागेत गाड्यांची गर्दी, प्रत्येकीवर पाच-पाच लायडार, आणि तक्रार काय, तर गाड्या एकमेकींना बघून हॉर्न देतायत. आंधळ्या झालेल्या गाड्या हे करत नाहीत.

आता हे का जमतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लायडार एक पल्स सोडतो आणि २०० मीटरपर्यंतचा प्रतिध्वनी यायला लागणाऱ्या १.३ मायक्रोसेकंदांपुरता, फारतर थोडं जास्त, त्याच एका बारीक दिशेकडून उत्तराची वाट बघतो. दुसऱ्या गाडीचा पल्स त्याला खरा वाटायचा तर तो नेमका त्याच दिशेने, त्याच फटीत पडायला हवा. असं घडतं, नाकारण्यात अर्थ नाही, पण लायडारच्या चित्रात प्रत्येक उत्तराचा एक बिंदू बनतो, आणि इथे जे दिसतं तो असतो एखादा सुटा बिंदू, या फ्रेममध्ये (एका पूर्ण स्कॅनमध्ये) ४० मीटरवर तर पुढच्या फ्रेममध्ये ९० वर किंवा नाहीच. ज्याला शेजारी नाहीत आणि जो पुढच्या फ्रेममध्ये टिकत नाही असा बिंदू सॉफ्टवेअर टाकून देतं, पावसाचे थेंब आणि धूळ यासाठी ते काम त्याला तसंही करावंच लागतं.

खरी अडचण एका ठिकाणी होती, एकाच मॉडेलचे दोन लायडार अगदी एकाच वेगाने पल्स सोडत असतील तर. तेव्हा खोटे बिंदू फ्रेममागून फ्रेम जवळपास त्याच जागी टिकतात, हळूहळू सरकतात, आणि वस्तू असल्याचा भास होतो. एकाच गाडीवरच्या लायडारसाठी वेलोडाइनने फेज लॉक दिला होता, म्हणजे कुठल्या क्षणी कोण कुठे बघणार हे बांधून टाकायचं. परक्या गाडीशी असं ठरवता येत नाही, म्हणून तिथे पल्समधलं अंतर मुद्दाम अनियमित करतात. हे २०० नॅनोसेकंद इकडे-तिकडे केलं तरी परक्या पल्समुळे दिसणारे खोटे बिंदू ३० मीटरच्या पट्ट्यात विखुरतात, एक वस्तू म्हणून जमूच शकत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे एका पल्सऐवजी ठरावीक अंतराने दोन-तीन पल्स सोडायचे आणि तेच अंतर घेऊन परत आलेलंच उत्तर मानायचं. गर्दीत दहा जण ओरडत असले तरी आपल्या माणसाची हाक ओळखू येते, तसंच हे.

एफएमसीडब्ल्यू प्रकारचे लायडार आणखी पुढे जातात. ते पल्स सोडतच नाहीत, सतत बीम सोडून त्याची फ्रिक्वेन्सी चढवत-उतरवत राहतात आणि परत आलेला प्रकाश स्वतःच्याच लेझरच्या प्रकाशात मिसळून फरक मोजतात. परक्या लेझरचा किंवा सूर्याचा प्रकाश तिथे जुळत नाही, थोडा गोंगाट वाढतो इतकंच. ते अभेद्य आहेत असं मी म्हणणार नाही, पुरेसा जोरदार प्रकाश मारला तर कुठलाही डिटेक्टर भरून जातो, पण रस्त्यावरच्या गर्दीचा प्रश्न तिथे जवळजवळ उरत नाही.

“लायडार कॅमेरा जाळतो, म्हणजे दुसरा लायडारही जाळणार.”

कॅमेरा जळतो हे खरं आहे. २०१९ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एकाने एआयच्या लायडारचे फोटो काढले आणि त्याच्या सोनी कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कायमचे डाग पडले. हे एआय म्हणजे एक लायडार कंपनी, आर्टिफिशियल इंटेलिजन्सशी त्याचा संबंध नाही. २०२५ मध्ये व्होल्वो ईएक्स९० च्या लायडारने फोनचा कॅमेरा खराब झाल्याचा व्हिडिओही खरा. कॅमेऱ्याची लेन्स येणारा बीम सेन्सरच्या टीचभर जागेवर गोळा करते, तिथे पिक्सेल जळतात. लायडारचा रिसीव्हर मात्र जवळच्या नंबरप्लेटवरून, रिफ्लेक्टरवाल्या बोर्डवरून आदळणारा जबरदस्त उलटा प्रकाश रोज झेलण्यासाठीच बनवलेला असतो. तो क्षणभर भरून जातो आणि सावरतो. फोन मात्र चालू लायडारच्या जवळ धरू नका, तेवढं खरंच पाळा.

“यावर काही उपायच नाही.”

इथे मला थांबून नीट बोलायचंय, कारण हा मुद्दा सगळ्यात खोलवर जाणारा आहे. दुसऱ्या लायडारच्या प्रकाशाने चुकून होणारा अडथळा (इंटरफरन्स) आणि मुद्दाम केलेलं जॅमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली बरीचशी आटोक्यात आहे, दुसरी नाही, आणि दुसरी लपवून कुणाचं भलं होणार नाही.

२०१७ मध्ये कोरियातल्या केएआयएसटी युनिव्हर्सिटीच्या टीमने व्हीएलपी-१६ वर जोरदार इन्फ्रारेड प्रकाश टाकून प्रकाशाच्या दिशेचे खरे बिंदू गायब करून दाखवले. २०२३ च्या एका पेपरमध्ये पद्धत जास्त चलाख होती: लायडारच्या अगदी तोंडाशी खोटे बिंदू टाकायचे, लायडार त्या दिशेचं खरं उत्तर सोडून हे जोरदार उत्तर धरतो, आणि मग सॉफ्टवेअर ‘फार जवळचे बिंदू म्हणजे कचरा’ या नियमाने तेही टाकून देतं. परिणाम, समोरचा पादचारी नाहीसा. २०२४ मध्ये युसी अर्व्हाइन आणि जपानच्या केइओ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ९ लायडार तपासले, तेव्हा अनियमित टायमिंगमुळे हवी ती खोटी आकृती उभी करणं अवघड होतं हे दिसलं, पण अतिशय वेगाने पल्सचा मारा केला तर टायमिंग न जुळवताही खरे बिंदू पुसता येतात हेही दिसलं. त्यांच्याच पुढच्या कामात, २०२५ मध्ये, ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या गाडीवर, आणि ११० मीटरपर्यंतच्या अंतरावरून, हे करून दाखवलं, अर्थात गाडीचा माग ठेवणारा इन्फ्रारेड कॅमेरा आणि नेम धरणारी सगळी यंत्रणा सोबत घेऊन. पल्सवर खूण करणाऱ्या नव्या लायडारसाठीही त्यांनी वेगळी चाल शोधली.

म्हणजे उपाय नाही असं नाही, एकच उपाय पुरा पडत नाही. फिल्टर, अनियमित टायमिंग, पल्सची खूण, आणि या सगळ्याच्या वर सॉफ्टवेअरने डोकं वापरणं. एक गोष्ट बघा: रस्ता खरंच मोकळा असेल तर लायडारला रस्त्याची जमीन दिसते, डांबरावरून बिंदू येतात. कुणी बिंदू पुसले असतील तर तिथे माणूसही नाही आणि त्याच्या मागची जमीनही नाही, नुसतं भोक. मोकळा रस्ता आणि भोक यातला फरक ओळखायला वेगळा सेन्सर लागत नाही. भोक दिसलं की त्या दिशेला काहीतरी आहे असं धरून वेग कमी करायचा. ज्या सिस्टीम ‘बिंदू नाही म्हणजे अडथळा नाही’ असं मानतात त्याच फसतात, आणि ही चूक सेन्सरची नाही, डिझाइनची आहे.

“म्हणून फक्त कॅमेराच सेफ.”

ज्या २०१५ च्या प्रयोगाचा हवाला देऊन लायडारला नावं ठेवतात, त्याच पेपरमध्ये पेटिट आणि सहकाऱ्यांनी मोबिलआय कंपनीचा गाडीत बसवायचा कॅमेराही प्रकाश मारून आंधळा केला होता. तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. २०२० मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन युनिव्हर्सिटीने प्रोजेक्टरने रस्त्यावर माणसाचं चित्र पाडलं आणि टेस्लाने त्याला खरा माणूस समजून वेग कमी केला. लायडारला ते चित्र दिसलंच नसतं, कारण त्याला उंची नाही, तो सपाट रस्ताच आहे. रडारही यातून सुटलेला नाही, ड्यूक युनिव्हर्सिटीने २०२४ मध्ये गाडीचा रडार फसवून दाखवला. टेस्लाचे इलॉन मस्क कित्येक वर्षं लायडारच्या विरोधात बोलतायत आणि २०२५ मध्ये त्यांनी विचारलं की सेन्सरचं आपसात पटलं नाही तर कुणाचं ऐकायचं. प्रश्न योग्य आहे, पण उत्तर सेन्सर काढून टाकणं हे नाही. दोघांचं पटत नाही हीच तर हल्ला किंवा बिघाड झाल्याची पहिली खबर आहे, एकच प्रकारचा सेन्सर असेल तर ती खबर द्यायला कुणी उरतच नाही.

आणि हो, आपल्याकडे हा मेसेज एडीएएसवाल्या (ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम असलेल्या) गाड्यांच्या मालकांना घाबरवायला वापरतात. महिंद्रा एक्सयूव्ही७०० सारख्या गाडीचं एडीएएस कॅमेरा आणि रडारवर चालतं, त्यात लायडार नाहीच.

विचारायचंच असेल तर लायडार बनवणाऱ्यांना आणि गाडी कंपन्यांना हे विचारा. स्पेक शीटवर ‘इंटरफरन्स रेझिस्टंट’ एवढे दोन शब्द छापून भागत नाही. किती लायडार समोर ठेवून टेस्ट केली, फ्रेममागे किती खोटे बिंदू आले, एक दिशा पूर्ण भरून गेली तर किती मिलिसेकंदांत सेन्सर गाडीला ‘मला इकडचं दिसत नाहीये’ असं कळवतो, आणि ते कळल्यावर गाडी काय करते. युरोपमध्ये आर१५५ या नियमाने जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सायबरसिक्युरिटीची व्यवस्था दाखवावी लागते, मग प्रकाशातून होणाऱ्या हल्ल्याचे हे आकडेही तितक्याच उघडपणे छापले पाहिजेत.