बिनमोटरीचं धूड

सुट्टीनंतर कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडचं शटर वर केलं की आधी वास बाहेर येतो, मग उजेड आत जातो. मशीन बंद असलं की टाकीतलं कूलंट, म्हणजे धातू कापताना गारवा देणारं तेल-पाण्याचं मिश्रण, नुसतं साचून राहतं. वर गळक्या तेलाचा तवंग धरतो, खाली हवा पोचत नाही आणि हवेवाचून जगणारे जिवाणू सडक्या अंड्याचा वास सोडतात. मग टाकी उपसायची. त्यासाठी पूर्वी मग्गा, बादली आणि सगळ्यात नवीन लागलेलं पोरगं, एवढी यंत्रणा होती. पोरगं सहसा पगाराआधीच पळून जायचं.

म्हणून दाबलेल्या हवेवर चालणारा ड्रम व्हॅक्यूम आणला. 200 लिटरच्या लोखंडी बॅरलच्या झाकणावर बसणारं धूड. त्याला कंप्रेसरची नळी जोडायची आणि जाड पाइप टाकीत सोडायचा. "साहेब, याला वीज लागत नाही," हे विकणाऱ्याचं पालुपद.

लेथवर केस पांढरे केलेले आमचे तात्या त्याच्याभोवती फिरले.

"मोटर कुठाय ह्याची?"

"मोटरच नाही तात्या. फिरणारा एक पार्ट नाही."

"मग वढतंय कशानं?"

"फुंकून."

तात्या पगारवाढ मागायला आले होते. तो विषय त्यांनी त्या दिवशी काढलाच नाही.

आता हे समजवायचं कसं? 6-7 बारची हवा बारीक तोंडातून सोडली की सुसाट सुटते, तिथला दाब पडतो आणि जाताजाता ती बॅरलमधली हवाही सोबत बाहेर नेते. आत दाब कमी, बाहेर मात्र वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. म्हणजे यंत्र कूलंट ओढत नाहीच, बाहेरची हवा ते पाइपातून आत ढकलते. व्हेंतुरी नावाच्या इटालियन माणसानं 1797 सालीच या तत्त्वावर लिहून ठेवलंय.

"लिहिलं असंल," तात्या म्हणाले. "पण आपला कंप्रेसर कुणाच्या मीटरवर चालतोय?"

दुखरी नस नेमकी दाबली. दाबलेली हवा ही कारखान्यातली फार महागडी चीज. हे धूड सुरू झालं की लाइनचं प्रेशर उतरतं, पलीकडच्या व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, टूल बदलता बदलता अडकतं, अलार्म वाजतो आणि ऑपरेटर माझ्याकडं बघून हात जोडतो. बॅरलची कड चेपलेली असेल तर हवा तिथूनच शिरते, पाइपाला काही जोर राहत नाही. पत्रा पातळ असेल तर बॅरलच पिचकायची भीती. बॅरल भरत आलं की आतला तरंगता फ्लोट वर येऊन वाट बंद करतो. ही सोय खरं तर फार चांगली, पण ओढणं थांबलं की आमच्याकडं आधी हातोडा उचलतात.

कळ उलटी फिरवली की मात्र सगळे गोळा होतात. तीच हवा आता बॅरलमध्ये घुसते आणि कूलंट पाइपातून परत बाहेर रेटते. ते गाळून, वरचं तेल काढून पुन्हा टाकीत घालता येतं.

शेवटी तात्यांनीच नियम काढला: हे चालवायचं ते जेवणाच्या सुट्टीत, बाकी मशीन थांबल्यावर. सुटणाऱ्या हवेच्या त्या शिट्टीत डबा खाताना बोलायचं ते ओरडूनच. परवा तात्या ओरडले, "बेडगला घरचा शोषखड्डा तुंबलाय. रविवारी हे घिऊन जाऊ का? वीज लागत न्हाई म्हणालाव न्हवं?"

मी जा म्हटलं. तेव्हापासून 10 एचपीचा कंप्रेसर टेम्पोत चढवायचा कसा, यावर रोज ओरडून चर्चा चालू आहे.