१५ दिवसांत सोलार इंजिनिअर? आयटीआय सोडण्याआधी हे वाचा

"आयटीआय सोडा, १५ दिवसांत सोलार इंजिनिअर व्हा, महिना ६० हजार, डीसी करंटचा शॉक लागत नाही, कोळशाची वीज ५ वर्षांत बंद" हा मेसेज ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्या घणसोलीच्या भाच्यापर्यंत पोचला. तो इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे आणि आता ताईला म्हणतोय दुसरं वर्ष कशाला करू! म्हणून लिहितोय.

आधी ते शॉकचं, कारण हे वाचून कोणाचातरी जीव जाईल. सोलार पॅनल डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट देतं. एका सुट्या पॅनलला ४०-४५ व्होल्ट असतात, तेवढ्याने सहसा कोणी दगावत नाही, हे मान्य. पण गच्चीवर १० पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडले की तेच ४०० व्होल्ट होतात, आणि खाली मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची (डीसीचं एसी करणारा डबा) वायर लाइव्हच राहते. घरातल्या लाइनचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला वाव मिळतो, डीसी शून्यावर येतच नाही, त्यामुळे करंट वाहत असताना कनेक्टर ओढला की आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी धरते, वायर पेटते, हात भाजतो, आणि माणूस उभा असतो सातव्या मजल्याच्या गच्चीच्या कडेला. हार्नेस (पडू नये म्हणून बांधायचा पट्टा), अर्थिंग, आयसोलेटर (लाइन तोडायचा स्विच) कधी पाडायचा हे कोण शिकवणार?

१५ दिवसांचं म्हणाल तर केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा सूर्यमित्र कोर्स बघा. ६०० तासांचा, म्हणजे साधारण तीन महिने, मुलांकडून फी नाही, आणि त्यात दहावीसोबत इलेक्ट्रिशियन, वायरमन असला आयटीआय ट्रेड केलेली मुलं घेतात. म्हणजे मेसेज जे सोडायला सांगतोय तेच तिथे आधी विचारतात. रोज ८ तास बसवलं तरी १५ दिवसांत १२० तासच होतात, बाकीचे ४८० कुठे गेले?

सोलारमध्ये काम आहे हे खरंय, घरांच्या छतावर सोलार बसवायच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेचं टार्गेटच १ कोटी घरांचं आहे. कोळशाचं मात्र अर्धवट उचललंय. २०२५ मध्ये देशाची निम्मी स्थापित क्षमता, म्हणजे बसवलेले प्लांट जास्तीत जास्त जेवढी वीज देऊ शकतात ती, बिगर-जीवाश्म (कोळसा, गॅस, तेल सोडून) झाली, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत साधारण ७० टक्के वाटा अजून कोळशाचाच आहे, कारण सूर्य संध्याकाळी मावळतो.

६० हजारांबद्दल काय बोलायचं, ना कंपनीचं नाव, ना पद.

आणि वीज म्हणजे फक्त पॅनल नाही. सबस्टेशन, रिले (बिघाड झाला की लाइन तोडायला लावणारं यंत्र) टेस्टिंग, केबल जॉइंटिंग, मीटरिंग, सगळीकडे माणसं लागतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआयच मागतात. भाच्याला मी सांगितलंय, दुसरं वर्ष पूर्ण कर, मग सूर्यमित्रला फॉर्म भर. तुमच्या घरात कोणी या १५ दिवसांच्या कोर्सचे पैसे भरायला निघालं असेल तर आधी सर्टिफिकेट कोणाचं मिळणार ते लेखी मागायला सांगा.