‘बायकांनी कोलायटिसच्या गोळ्या सोडाव्यात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर हा मेसेज आठवड्यात तीनदा आला: ‘आतड्याच्या सुजेच्या गोळ्यांनी वांझपण येतं. रक्त थांबलं की सोडा. दिवस गेल्यावर तर एकही नको. बेलाचा मुरंबा आणि ताक पुरे.’ मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन शौचातून रक्त पडण्याचा आजार, होऊन ११ वर्षं झाली. शेजारच्या नव्या सुनेनं तो वाचून विचारलं, ‘काकू, आजपासून बंद करू का?’ म्हणून लिहिते.

रक्त थांबलं की सोडा? अगं, ते थांबलंय गोळीमुळेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आजार शांत असलेले ९९ रुग्ण होते. मेसालामाईन ही या आजाराची नेहमीची गोळी नियमित न घेणाऱ्यांत तो उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. मीही एकदा सोडल्या, मे महिन्यात. जुलाब लागले तर घरचे म्हणाले, ऊन लागलं. नागपुरात ते कोणालाही पटतं. पन्हं पीत तीन आठवडे काढले आणि हिमोग्लोबिन ७ वर आल्यावर भरती झाले.

वांझपणाचं म्हणाल तर मेसालामाईननं बाईची गर्भधारणेची क्षमता कमी होत नाही. याच आजारावरच्या सल्फासालाझीन या दुसऱ्या गोळीनं पुरुषांचे शुक्राणू घटतात, तेही औषध थांबवल्यावर भरून येतात. बाईला त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड जास्त लागतं, एवढंच. पाळी बिघडते आणि दिवस राहायला अडचण येते ती भडकलेल्या आजारानं, उतरलेल्या वजनानं. आणि पाळीत पोट दुखलं म्हणून मेडिकलवरून आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड परस्पर आणू नका. काहींचा आजार त्यानंही उलटतो.

दिवस गेल्यावर एकही गोळी नको, हे वाक्य सगळ्यांत घातक. आजार भडकलेला असताना दिवस गेले, तर ढोबळमानानं तिघींपैकी एकीचा वाढतो, एकीचा तसाच राहतो, एकीलाच आराम पडतो. भडकलेल्या आजारात गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. मेसालामाईन गरोदरपणात चालतं. प्रतिकारशक्ती दाबणारी अ‍ॅझाथायोप्रीनची गोळीही बहुधा चालूच ठेवतात. मेसेजमध्ये खरं आहे ते मोजक्याच औषधांपुरतं: उदाहरणार्थ, मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते निदान तीन महिने आधी थांबवावं लागतं. म्हणूनच मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरांना सांगायचं.

इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनंही सहसा चालू ठेवतात, पण ती वारेतून बाळापर्यंत पोचतात. आपल्याकडे क्षयाची बीसीजी लस जन्मताच टोचतात, आणि ती जिवंत जंतूंची लस आहे. आई हे इंजेक्शन घेत असेल तर बाळाची ही लस पुढे ढकलावी लागते. बाळंतपणाआधीच बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला, प्रसूतीच्या धावपळीत हे राहून जातं.

मुरंबा खा, ताक सोसत असेल तर प्या. सूज त्यानं उतरत नाही.

त्या सुनेची गोळी मेसालामाईनच आहे. सोमवारी आम्ही दोघी धंतोलीत तिच्या डॉक्टरांकडे जातोय. तोवर एकही डोस चुकवायचा नाही, असं तिनं कबूल केलंय.