दहा हजारांत बसवा

आमच्या घरी कॉम्प्युटर आला २०१२च्या दिवाळीत. तेव्हा त्याला ओवाळलं होतं. मॉनिटरच्या कोपऱ्यात काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजूनही पुसट दिसतं. अलीकडे मात्र त्याचं घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं झालं होतं. बटण दाबलं की आधी घसा खाकरायचा, मग बराच वेळ कुठेतरी बघत बसायचा, आणि आपण चहा ठेवून, गाळून, पिऊन आलो की मग पडद्यावर यायचा.

त्याला तसंच शांतपणे जाऊ द्यायला हवं होतं. पण एका रात्री सहज (बायकोला सांगताना 'सहज'च) जीटीए फाइव्ह या गेमला कसा कॉम्प्युटर लागतो ते बघितलं. हा गेम पीसीवर आला एप्रिल २०१५ मध्ये. किमान काय हवं याची एक यादी असते आणि काय असलं तर उत्तम याची दुसरी. या दुसऱ्या यादीत प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, रकान्यात लिहिलं होतं: आय-फाइव्ह ३४७०. मी टेबलाखाली वाकून कॅबिनेटवरचा स्टिकर पाहिला. आय-फाइव्ह ३४७०! गरीब घरातल्या मुलीचं नाव थेट राजवाड्याच्या आमंत्रणपत्रिकेत निघावं तसं झालं. पुढच्या दोन ओळी मी भावनेच्या भरात नीट वाचल्याच नाहीत. तिथे आठ जीबी रॅम (कॉम्प्युटरची कामापुरती स्मरणशक्ती) आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं रंगवणारं) लिहिलेलं होतं. आमच्याकडे रॅम चार जीबी, आणि ग्राफिक्स कार्डाच्या जागी एक पत्र्याची पट्टी.

जुन्या कॉम्प्युटरलाच नवे भाग बसवायचे, असं मी ठरवलं. घरात मांडणी अर्थातच 'चिरंजीवांच्या अभ्यासासाठी' अशी केली. चिरंजीव नववीत. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी, त्यामुळे तो खेळण्याची जबाबदारी ओघानेच माझ्यावर येत होती. पण तो तपशील मी मांडणीत घेतला नाही.

आमची बायको सोसायटीची खजिनदार आहे. चौऱ्याऐंशी फ्लॅटांचा मेंटेनन्स तिच्या एक्सेल फाइलीत असतो आणि ती फाइल उघडेपर्यंत लोक फ्लॅट विकून निघून जातात, असं तीच म्हणते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, पेन उचललं आणि म्हणाली, "दहा हजार. वर एक रुपया नाही. आणि प्रत्येक वस्तूचं बिल पाहिजे." इतक्या लवकर मंजुरी मिळाल्यावर खरं तर मला शंका यायला हवी होती.

रविवारी कॅबिनेट उघडलं. दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला आणि मी नि चिरंजीव दोघेही एक पाऊल मागे आलो. आत धूळ होती म्हणणं म्हणजे समुद्रात पाणी होतं म्हणणं. प्रोसेसरच्या पंख्यावर करड्या नमद्याचा गालिचा होता. तळाशी पालीच्या अंड्यांची दोन टरफलं होती आणि त्यांच्या शेजारी ल्यूडोची लाल सोंगटी. तिच्या जागी आम्ही सात वर्षं शर्टाचं बटण चालवत होतो. सायकलचा पंप आणि रंगाचा ब्रश घेऊन तासभर खपलो. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. ती वाळून तंबाखूच्या डबीतल्या जुन्या चुन्यासारखी झाली होती. नवी किती लावायची यावर जगात एकमत नाही. कोणी म्हणतं वाटाण्याएवढी, कोणी तांदळाएवढी, कोणी फुलीच मारायला सांगतं. मी चवीपुरती लावली.

रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) यांच्यात फार रामायण झालं नाही. डीडीआर थ्री जातीची रॅम आता बहुधा जुन्या बाजारात शोधावी लागते, कारण पुढच्या पिढीच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. ठोकून बसवायचा विचार मनात आला होता, पण चिरंजीव समोर होते. आठ जीबीची एक पट्टी अकराशेला मिळाली. चारशेऐंशी जीबीची एसएसडी सत्तावीसशेला. आमच्या एच-६१ मदरबोर्डचं (सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी) सॅटाचं, म्हणजे डिस्क जोडायचं, दार अरुंद, त्यामुळे एसएसडी तिच्या निम्म्या वेगानेच पळणार हे मला ठाऊक होतं. पण डोंबिवलीला राहणाऱ्या माणसाला अरुंद दारातून जायची सवय असते. शिवाय जुन्या हार्डडिस्कच्या मानाने निम्मा वेगही वादळच.

खरं प्रकरण ग्राफिक्स कार्डाचं. त्यासाठी मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजाराशिवाय, म्हणजे लॅमिंग्टन रोडशिवाय पर्याय नाही. त्या रस्त्याचं अधिकृत नाव कधीचंच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालेलं आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगितलं तर तो आपल्याला डॉक्टरकडेच नेईल. निघण्यापूर्वी मी बायकोच्या शिलाईच्या टेपने कॅबिनेटच्या आतली जागा मोजली. हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत तेवीस सेंटिमीटर. टेप खिशात टाकली. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो.

दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. काउंटरच्या मागे एक गृहस्थ दातकोरणीने दात कोरत होते.

"बोलो सेठ. बजट?"

"सहा-सात हजार."

त्यांनी दातकोरणी बाजूला ठेवली आणि मागच्या फळीवरून एक दणदणीत कार्ड काढून समोर आपटलं. आरएक्स ५८०, आठ जीबी. दोन पंखे, अंगापिंडाने पैलवान. "साडेपाच हजार. इस रेट में दुनिया में नहीं मिलेगा."

का मिळणार नाही, आणि इथे का मिळतंय, हे मी वाचून गेलो होतो. ही कार्डं क्रिप्टोच्या खाणीत, म्हणजे आभासी चलन मिळवायच्या आकडेमोडीला, वर्षानुवर्षं रात्रंदिवस जुंपलेली असत. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांची गरजच संपली, आणि जगभरचे हे थकलेले बैल एकदम बाजारात आले.

"माइनिंगचं आहे का?" मी विचारलं.

"क्या बात करते हो! एक डॉक्टर साब का है. बच्चा संडे-संडे चलाता था."

सेकंडहँड गाड्या, स्कूटर, फ्रिज, सगळं डॉक्टरांचंच का असतं आणि डॉक्टर हे सगळं विकून नेमके जातात कुठे, हा प्रश्न मी गिळला. अडचण वेगळीच होती. हे कार्ड एकशेपंच्याऐंशी वॉट खातं आणि त्याला पॉवर सप्लायमधून वेगळी आठ टाचण्यांची वायर लागते. आमच्या कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या पॉवर सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवर, '४५० वॉट' असं छापलेलं आहे, पण तो आकडा मी निवडणुकीतल्या आश्वासनासारखाच धरतो. म्हणजे नवा एसएमपीएस आला, अजून तीन हजार. म्हैस स्वस्तात मिळत होती, पण पेंडीचं काय?

मग जीटीएक्स १६५० वर आलो. चार जीबी, एक पंखा, भूक पंच्याहत्तर वॉट. एवढं तर मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळतं, वेगळी वायर लागत नाही. मी खिशातून टेप काढून कार्ड मोजायला लागलो. लांबी मोजली, जाडी मोजली, परत लांबी मोजली. शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "काका, ब्लाउजपीस नाहीये ते."

दुकानदाराने कार्ड मशीनला लावून दाखवलं. अशा तपासणीसाठी एक सॉफ्टवेअर असतं. त्यात पडद्यावर अंगभर केस असलेला एक मेदूवडा गोल गोल फिरत राहतो आणि ते केस रंगवता रंगवता कार्डाचा जीव निघतो. दहा मिनिटं आम्ही सगळे, मी, दुकानदार, ब्लाउजपीसवाले गृहस्थ आणि चहा घेऊन आलेला पोऱ्या, त्या केसाळ मेदूवड्याकडे बघत उभे होतो. तापमान अडुसष्टवर थांबलं. पोऱ्या म्हणाला, "ठीक है, ले लो."

"कितना?"

"अडसठ सौ."

तापमान आणि किंमत यांचा काही संबंध असेल तर तो मला कळला नाही. "बिल पाहिजे," मी म्हणालो. माझ्या तोंडून बायको बोलत होती.

"बिल के साथ अठारह परसेंट ऊपर." त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. आठ हजार चोवीस.

परतीच्या गाडीत मी ती पिशवी छातीशी धरून उभा होतो. कल्याण फास्टला संध्याकाळी पावणेसातला लोक तान्ह्या बाळालाही जागा देत नाहीत. घाटकोपरला एकाने विचारलं, "काय आहे, काच?" मी म्हटलं, "ग्राफिक्स कार्ड." तो दोन इंच मागे सरकला. त्या गाडीत दोन इंच म्हणजे केवढी माया ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

रात्री साडेनऊला कार्ड बसवलं. खट्ट असा आवाज आला. कार्डाचा पंखा फिरला. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा, चिरंजीवांच्या हट्टापायी आणलेला साडेचारशे रुपयांचा सप्तरंगी पंखाही लागला. आमच्या कॅबिनेटला काच नाही, त्यामुळे ते सात रंग पत्र्याच्या भोकांतून बाहेर येतात आणि आत कोणाचं तरी लग्न चालल्यासारखं वाटतं. मॉनिटर मात्र काळा. त्यावर 'नो सिग्नल' लिहिलेली चौकट या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होती, प्रसूतिगृहाबाहेरच्या नवऱ्यासारखी.

पुढचे दोन तास आठवले तरी अंगावर काटा येतो. कार्ड काढलं, फुंकलं, लावलं. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. भारतात कॉम्प्युटरची निम्मी दुरुस्ती खोडरबरवर चालते. मदरबोर्डवरचा बटणसेल काढून पाच मिनिटांनी परत घातला. कार्ड काढल्याशिवाय चित्र येत नव्हतं आणि कार्ड लावलं की जात होतं. डॉक्टरांचं कार्डच घ्यायला हवं होतं, असं मी बोलून गेलो. दारात उभी असलेली बायको म्हणाली, "बिल आहे ना?" आणि झोपायला गेली.

शेवटी बी विंगमधल्या इंजिनिअरिंगच्या पोराला सव्वाबाराला मेसेज केला. ही मुलं तेव्हा जागीच असतात. त्याने मागच्या बाजूचा फोटो मागितला. पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर.

"काका, निळी वायर मदरबोर्डला लावलीय. कार्डाला लावा."

निळी वायर म्हणजे मॉनिटरची व्हीजीए. बारा वर्षं ती जिथे होती तिथेच मी परत लावली होती, सासरी गेलेल्या मुलीची पत्रं जुन्याच पत्त्यावर यावीत तशी. नवं कार्ड आलं की मदरबोर्डचं जुनं दार आपोआप बंद होतं. कार्डाने चित्र तयार केलं होतं, रंगवलं होतं, पाठवायलाही तयार होतं. घ्यायलाच कोणी नव्हतं. मी निळी वायर काढून कार्डाकडे नेली. कार्डाला तीन भोकं होती. निळी वायर तिन्हींत बसेना. नव्या कार्डांना व्हीजीए नसतंच आणि आमच्या मॉनिटरला त्याच्याशिवाय दुसरं काही नाही. एवढं सगळं मोजलं मी त्या टेपने, पण वायरीचं टोक बघायचं राहिलं.

कार्डाच्या एचडीएमआय भोकाचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या मोबाइल कव्हरवाल्याकडे मिळाला. साडेतीनशे. आणि चित्र आलं! बटणसेल काढल्यामुळे कॉम्प्युटरच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २०१२ होती. त्यामुळे इंटरनेटवरची एकही साइट तो विश्वासाने उघडेना. मीही त्या तारखेकडे जरा वेळ बघत बसलो. तेव्हा मला केस होते. मग नाइलाजाने तारीख आजची केली.

गेम उतरायला दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री सेकंदाला साठ फ्रेमच्या (चित्रांच्या) आसपास, जराही न अडखळता, मी एक चोरलेली लाल गाडी समुद्राकाठच्या रस्त्याने पिटाळली. सूर्य मावळत होता. पाण्यावर त्याची तिरीप हलत होती. मी साधारण अकरा मिनिटं खेळलो.

मग मागून आवाज आला, "अहो, उठता का जरा? बिलं काढायचीत."

एक्सेल दोन सेकंदांत उघडलं. बायको काही बोलली नाही, फक्त खुर्ची पुढे ओढून घेतली. त्याला आता तीन महिने झाले. रात्री नऊ ते अकरा तिथे सोसायटीचं कार्यालय असतं. सेक्रेटरी येतात, पाण्याच्या टँकरची बिलं येतात, वार्षिक सभेचं इतिवृत्त तिथेच टाइप होतं. सप्तरंगी पंख्याचं सगळ्यांना कौतुक आहे.

घरखर्चाच्या वहीत तिने 'शिक्षण' या सदरात दहा हजार टाकले आहेत. एकूण खर्च पेस्टच्या दीडशेसकट बारा हजार सातशे चौऱ्याहत्तर. वरचे दोन हजार सातशे चौऱ्याहत्तर माझ्या नावावर 'येणे' म्हणून दाखवले आहेत. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावता येतं, हेही तिने मला एकदा जेवताना सांगून ठेवलं आहे.

काल थकबाकीदारांची यादी छापली जात होती तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसून कॅबिनेटच्या भोकांतून आत डोकावलो. सात रंग फिरत होते. ग्राफिक्स कार्डाचा पंखा मात्र गप्प होता. काम नसलं की तो फिरत नाही.