टेंगूळ आले म्हणजे धोका टळला का?

‘डोक्याला मार लागून टेंगूळ आले तर सूज बाहेर पडली असे समजावे, माणूस नीट बोलत असेल तर मेंदू सुरक्षित आहे, आणि आत सूज आलीच तर स्टेरॉइडने ती उतरते’ हा संदेश सर्वत्र फिरत आहे. यातील एकही विधान बरोबर नाही आणि शेवटचे तर जीवघेणे आहे.

टेंगूळ म्हणजे कवटीच्या बाहेर, त्वचेखाली साकळलेले रक्त. आतली सूज त्या वाटेने बाहेर पडत नाही. उलट तान्ह्या बाळाच्या डोक्यावरचे मोठे, मऊ टेंगूळ कवटीला तडा गेल्याची खूण असू शकते.

दुसरे विधान अधिक फसवे आहे, कारण ते काही तास खरे वाटते. कवटी ताणली जात नाही. तिच्यातील सुमारे ८० टक्के जागा मेंदूने आणि उरलेली रक्त व मेंदूजल (मेंदूभोवतीचा पाण्यासारखा द्रव) यांनी व्यापलेली असते. सूज किंवा रक्तस्राव वाढू लागला की आधी मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकते आणि शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते, त्यामुळे कवटीतला दाब फारसा वाढत नाही आणि रुग्ण बोलत राहतो. ही सोय संपली की थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि त्यामुळे सूज आणखी वाढते. प्रौढांमध्ये कवटीतला हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. तो २२ च्या वर टिकला तर उपचार करावे लागतात. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, गुंगी आणि एकाच डोळ्याची बाहुली मोठी होणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. रक्तदाब चढत असताना नाडी मंदावली, तर ते लक्षण सुधारणेचे नसून मेंदूचे खोड (श्वास व हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा तळाचा भाग) दाबले जात असल्याचे असते.

स्टेरॉइडबाबतचा समज निराधार नव्हता, कारण मेंदूतील गाठीभोवतीची (ट्यूमरभोवतीची) सूज त्याने खरोखर उतरते आणि डोक्याच्या दुखापतीतही डॉक्टर ते अनेक वर्षे देत असत. मात्र २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ या चाचणीत, दहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी स्टेरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांतील मृत्यू २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांत १७.९ टक्के आढळले. आज डोके ३० अंश उंच व मान सरळ ठेवणे, शिरेतून मॅनिटॉल हे सूज उतरवणारे औषध किंवा तीव्र मिठाचे द्रावण देणे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करणे, असे उपचार होतात. हे सर्व रुग्णालयातच शक्य आहे.